सातव्या खांबापाशी शकू

तळमजल्यावर चौदा खांब होते. त्यांच्यामध्ये अकरा मोटारी, सव्वीस दुचाक्या, लहान मुलाची एक तीनचाकी, पाण्याच्या पंपाचा लोखंडी पिंजरा, दोन कॅमेरे आणि गॅसचा एक रिकामा सिलिंडर. सातव्या खांबाच्या पायथ्याशी स्टीलची ताटली होती. ताटलीत चतकोर बाजरीची भाकरी, चमचाभर पिठलं, एक हिरवी मिरची आणि चार मुंग्या. हवेचं तापमान २८.४ अंश. चुंबकीय क्षेत्र पंपाजवळ थोडं जास्त, बाकी सगळीकडे सारखं. भूत म्हणून नोंद करावी असं काही नव्हतं.

हे मोजायला मला माझ्या नवऱ्यानं पाठवलं होतं. जयसिंग पुण्यातल्या झपाटलेल्या जागा दाखवतो. शनिवारी संध्याकाळी हिंजवडीच्या कंपन्यांतली दहा-बारा मुलं-मुली नारायण पेठेत जमतात आणि तो त्यांना तीन तास हिंडवतो. पावलं वाजणारा लाकडी जिना, मुंजा बसतो तो पिंपळ, आपोआप उघडणारी खिडकी. ह्या फेरीत मीही कधी कधी असते. दिवसभर तापलेलं लाकूड संध्याकाळी निवतं तेव्हा सांध्यांत कुरकुरतं, हे मी मोजून पाहिलेलं आहे. पण फेरी संपते त्या चहाच्या टपरीपर्यंत ते कुणाला सांगायचं नाही, अशी आमच्या लग्नाची अट आहे. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि नऱ्ह्याच्या एका प्रयोगशाळेत लागले. दुसऱ्यांचे वजनकाटे आणि तापमापक बरोबर दाखवतात की नाही, हे आम्ही तपासतो.

धायरीच्या या इमारतीची चित्रफीत जयसिंगला कुणीतरी मोबाइलवर पाठवली होती. कॅमेऱ्यातली, काळीपांढरी. भर दुपारी एक म्हातारी पार्किंगमध्ये येते, खांबापाशी ताटली ठेवते, समोर कुणी नसताना बोलते, हसतेसुद्धा, आणि निघून जाते. खाली लिहिलं होतं : ‘गेनबा हाइट्सची म्हातारी. खरी आहे का?’

“भूत आहे का ते नको सांगूस,” जयसिंग म्हणाला होता. “गोष्ट आहे का तेवढं बघ.”

मी तापमापक पिशवीत घालत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय हरवलंय गं?”

चित्रफितीतली म्हातारी. रंगीत. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, पायात मुलाच्या असाव्यात अशा मोठ्या चपला.

“काही नाही, आजी. मोजतेय.”

“काय मोजती?”

“इथे काही आहे का ते.”

ती दोन पावलं पुढं आली. “मंग? हाय का?”

भुताबद्दल विचारणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ‘नाही’ ऐकलं की त्यांना सुटल्यासारखं तरी वाटतं, नाहीतर पैसे फुकट गेल्यासारखं. हिचा चेहरा वेगळा होता. इस्पितळाच्या दाराशी डॉक्टरला विचारावं तसं तिनं विचारलं होतं.

“मला तरी काही सापडलं नाही,” मी म्हणाले.

“तुज्याबी मशीनला घावली न्हाई?” तिनं खांबाला हात टेकला आणि हळूहळू खाली बसली. “मंग गेली कुठं म्हनायची?”

“कोण, आजी?”

“शकू. माजी सवत.”

तिचं नाव प्रेमलाबाई. ती सांगत गेली, मी शेजारच्या स्कूटरच्या पायरीवर बसून ऐकलं. शकू ही तिच्या नवऱ्याची, दत्तोबांची, पहिली बायको. मूल आठ महिन्यांचं असताना गवताच्या भाऱ्यात तिला साप चावला. गावात म्हणाले, तान्हं पोर मागं ठेवून गेलेली बाई जात नसते. वर्ष सरायच्या आत प्रेमलाबाईला त्या घरात दिली. अंगाला हळद लागली त्याच दिवशी सासऱ्यांनी, गेनबांनी, सोनाराकडून शकूची पुतळी घडवून आणली आणि नव्या सुनेच्या गळ्यात बांधली.

सवतीची पुतळी माझ्या कानावर आलेली होती, पाहिली पहिल्यांदाच. प्रेमलाबाईनं मंगळसूत्राशेजारचा काळा दोरा वर ओढला. त्यात चांदीचा एक लहान पत्रा होता आणि त्यावर ठशानं उठवलेलं बाईचं तोंड. नाक झिजून सपाट झालेलं. दुसरेपणावर आलेल्या बाईनं अशी पहिलीला गळ्यात वागवायची. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग आपण नेसायचं. जेवताना पहिला घास तिचा.

“भीती नाही वाटली?”

“वाटली की. सतरा वर्साची व्हते. रात्री दोरा हाताला लागला तरी दातखीळ बसायची. मंग ह्या पोराला ताप आला, आमच्या संपतला. सासू गेलेली, घरात दुसरी बाई न्हाई. म्या काय पोरं वाडवल्याली का? तवा हिलाच म्हनले, बाई, तुजं हाय, तूच सांग काय करू. आन् ही जड झाली.”

“जड?”

“गळ्याला कळतं की! कडंवर भरल्याली घागर घेतल्यावानी. मला धीर आला. तवापासनं ही आली की जड, गेली की हलकी.” तिनं दोरा बोटावर तोलला. “आता दोन वर्सं झाली. हलकीच हाय.”

तसं का झालं हेही तिला ठाऊक होतं. चूक तिचीच होती, असं तिचं म्हणणं. जुनं घर पाडून इथे इमारत उभी राहिली, घराच्या जागेवर पार्किंग आलं आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांना फ्लॅट मिळाला. वास्तुशांतीच्या आधी पुतळीची कडी तुटली. ती सोनाराकडे टाकली, सोनार चार दिवस गावाला गेला, आणि मुहूर्त काही थांबेना. देवघरातले देव नव्या घरात गेले, पाण्याचा हंडा गेला, दिवा गेला. प्रेमलाबाईनं मोकळ्या गळ्यानं उंबरा ओलांडला. पुतळी नंतर आली, संपतच्या शर्टाच्या खिशातून, मोबाइलच्या बिलाबरोबर.

“तिला कुनी ‘ये’ म्हनलंच न्हाई,” प्रेमलाबाई म्हणाली. “न बोलावता कशी येईल? मानी व्हती म्हनत्यात. हितंच ऱ्हायली आसंल, उंबऱ्यावर. ह्यो खांब हाय ना, हितंच उंबरा व्हता. म्हून मी घास हितं आनते. पर हितंबी हलकीच लागती. आन् आता हितं ते जनरेटर ठेवायचं म्हनत्यात, नवमी झाली की. उंबऱ्यावर जनरेटर! मंग ती कुठं बसंल गं?”

मी कुठे काम करते ते तिनं विचारलं, मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

“काटा तुज्याकडं आसतो?”

“असतो. पण आजी, चांदीचं वजन असं कमी-जास्त...”

“माजी मान म्हातारी झाली,” ती म्हणाली. “तिला आता कळंना झालं आसंल. तुज्या काट्याला कळंल. नवमीला ये. लगीन झालंय न्हवं तुजं?”

“झालंय.”

“मंग सवाष्ण म्हून जेवायलाच ये.”

पितृपंधरवड्यातली नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. त्या दिवशी त्यांच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात. म्हणजे शकूच्या पानावर मी बसायचं होतं.

फाटकाशी मला संपतराव भेटले. पन्नाशीच्या आतबाहेरचे, फाट्यावर हार्डवेअरचं दुकान असलेले गृहस्थ. त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणारी यंत्रं पाहिली होती.

“मॅडम, तुम्ही सायन्सवाल्या आहात. आईला एकदा क्लिअर सांगून टाका, इथे काही नाही म्हणून. सोसायटीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तो व्हिडिओ आमच्या गिऱ्हाइकांनी पाहिलाय हो. खिळे घ्यायला येतात आणि विचारतात, म्हातारी कशी आहे?”

“सांगितलं. त्यांना वाईट वाटलं.”

त्यांनी खिशातून चावी काढली. मग म्हणाले, “मला पण त्या आठवत नाहीत. शकूबाई. फोटो नाही, काही नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, ‘शकू व्हय? बरी व्हती.’ बास. एवढंच.” त्यांनी चावीनं फाटकाचा गंज खरवडला. “ह्या आईनं मला कधी काही कमी पडू दिलं नाही. मी कशाला दुसरी शोधू?”

घरी जयसिंगनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“ही गोष्ट फेरीत बसत नाही,” तो म्हणाला. “लोकांना घाबरायचं असतं. इथे म्हातारीच काळजीत आहे, भूत हरवलंय म्हणून.”

“मी काटा घेऊन जाणार आहे.”

“आणि वजन तेवढंच भरलं तर?”

“तेवढंच भरणार.”

“मग जाऊ नकोस.”

“न गेले तर ती म्हणेल, काट्यालासुद्धा यायचं नव्हतं.”

त्यानं माझ्या पिशवीतली यंत्रं काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “खोटं नको सांगूस तिला. पण खरं सांगायची घाईपण करू नकोस. चहाच्या टपरीपर्यंत थांबतेस ना, तसं.”

नवमीला मी अर्धा दिवस रजा टाकली आणि प्रयोगशाळेतला हलवता येण्याजोगा काटा मागून घेतला. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. पार्किंगमध्ये वारा होता, म्हणून एका पुठ्ठ्याच्या खोक्याची बाजू कापून काट्याभोवती आडोसा केला. जमीन खांबाकडे उतरती होती. काट्याचे पाय फिरवून पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणला. वीस ग्रॅमचं प्रमाण वजन ठेवलं. २०.०० दाखवलं.

प्रेमलाबाई नवं लुगडं नेसून, ताट घेऊन उभी होती. संपतराव दुकान नोकरावर सोपवून आले होते, पण खांबापासून एक मोटार सोडून उभे होते, जणू त्या मोटारीसाठीच आले आहेत. सोसायटीचे सेक्रेटरी दिगंबर काका फोनवर बोलत लिफ्टच्या दाराशी थांबले होते. त्यांनी फोन बंद केला.

“चालू द्या, चालू द्या,” ते म्हणाले. “काट्याला सोसायटीची हरकत नाही. पावती मात्र मिळणार नाही.”

प्रेमलाबाईनं दोरा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. सोनारानंतर हे पहिल्यांदाच. मी पुतळी कोरड्या कापडानं पुसली, पारड्यावर ठेवली, आकडा थांबेपर्यंत कुणी हलू नये असं सांगितलं. दिगंबर काकासुद्धा हलले नाहीत.

“३.८६,” मी म्हणाले.

“म्हंजी?”

“म्हणजे आत्ता, इथे, एवढं आहे.”

“हलकंच,” प्रेमलाबाई म्हणाली. तिनं पुतळी मुठीत घेतली. गळ्यात बांधली नाही. “संपत, हिकडं ये. हाक मार तिला.”

“मी?”

“मंग कोन? मी सवत हाय. सवतीनं बोलावलं तर कुनी येतं का? पोरानं बोलवावं.”

“आई, लोक बघतायत.”

“लोकं कुठं? ह्यो दिगंबर हाय आन् ही पोर हाय.”

“मी बघत नाहीये,” दिगंबर काका म्हणाले आणि खरोखर नोटिस बोर्डाकडे वळले.

संपतराव खांबाशी आले. जमिनीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मला पाहून ओशाळले.

“काय म्हणू तिला? शकूबाई?”

“शकूबाई काय! शेजारीन हाय का ती?”

“मग?”

“आई म्हन.”

“आई तू आहेस,” ते एकदम म्हणाले. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला आणि पार्किंगमध्ये घुमला. मला तेव्हा कळलं की त्यांची अडचण लोकांची नव्हतीच. एवढी वर्षं एका माणसासाठी वापरलेला शब्द दुसऱ्याला दिला तर पहिल्याचा कमी होईल, अशी ती काळजी होती. पन्नाशीच्या माणसाच्या तोंडावर ती अगदी लहान मुलासारखी दिसत होती.

प्रेमलाबाईलाही ते दिसलं असावं. तिनं ताट माझ्या हातात दिलं आणि त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

“येड्या,” ती म्हणाली, “तू नुसती हाक मार. कुनाला मारली, ते आमी दोगी बगून घिऊ.”

संपतरावांनी घसा साफ केला. खांबाच्या पायथ्याशी, जिथे एके काळी उंबरा होता तिथे, ते उकिडवे बसले. काँक्रीटवर त्यांनी तळहात ठेवला.

“आई,” ते म्हणाले. मग, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं : “वर चल. तिसऱ्या मजल्यावर आहे घर आपलं. तुला दाखवायचं राहूनच गेलं. स्वैपाकघरात ऊन येतं सकाळचं. चल.”

एक मुलगी स्कूटर लावायला आत आली. आम्हाला पाहून तिनं इंजिन बंद केलं आणि स्कूटर ढकलत कोपऱ्यात नेली.

संपतराव उठले. डोळे पुसायला त्यांनी रुमाल शोधला, सापडला नाही, मग बाही वापरली. प्रेमलाबाईनं मूठ छातीशी धरली होती. आम्ही लिफ्टकडे गेलो. दिगंबर काकांनाही वरच जायचं होतं. त्यांनी दार धरून ठेवलं.

“सहा माणसांची लिफ्ट आहे,” ते म्हणाले. “आपण किती?”

मी बघितलं. प्रेमलाबाई, संपतराव, काका आणि मी.

“पाच,” प्रेमलाबाई म्हणाली.

काका काही तरी बोलणार होते. ते ओठांपर्यंत आलेलं दिसलं. मग त्यांनी स्वतः आत येऊन भिंतीला पाठ लावली, पोट आत घेतलं आणि सगळे आत येईपर्यंत, म्हणजे आम्ही तिघं आत येऊन वर अजून थोडा वेळ, दार धरून ठेवलं.

फ्लॅटच्या उंबऱ्यावर प्रेमलाबाईनं मूठ उघडली, पुतळीवर भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी घातलं आणि आधी हात आत नेला, मग पाय. बाहेरच्या खोलीत दत्तोबा खुर्चीत बसून क्रिकेट बघत होते. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्हीचा आवाज सगळ्या मजल्याला पुरेल एवढा होता.

“कोन आलंय?” त्यांनी विचारलं.

“शकू,” प्रेमलाबाई ओरडून म्हणाली.

दत्तोबांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग रिमोट शोधला आणि टीव्हीचा आवाज पार कमी केला. शेजारच्या खुर्चीवरचा पंचा उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. खुर्ची रिकामी झाली.

मला पाटावर बसवलं. समोर एक लहान पाट, त्यावर पुतळी. प्रेमलाबाईनं मला हळदकुंकू लावलं, मग पुतळीला लावलं. पत्र्यावरच्या इवल्या कपाळावर बोट मावेना, त्यामुळे ओलं कुंकू तोंडभर झालं. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची वडी, खीर. मी तशी कमी खाणारी. “तिची भूक लई दिसांची हाय, लाजू नको,” असं म्हणत प्रेमलाबाई वाढत गेली आणि मी खात गेले. संपतराव तूप वाढायला आले. त्यांनी माझ्या पोळीवर तूप घातलं, मग पुतळीकडे पाहून पळीतला राहिलेला थेंब तिच्यापुढच्या घासावरही सोडला. कुणी सांगितलं नव्हतं.

जेवण झालं. ओटी भरली. प्रेमलाबाई पुतळी तळहातावर घेऊन माझ्यासमोर बसली. बांधायच्या आधी तिला काय हवं होतं ते तिनं बोलून दाखवलं नाही. मी काटा ओट्यावर ठेवला, तिथे उतार नव्हता, तरी बुडबुडा पाहिला. खिडकी लावून घेतली. पंखा बंद केला. संपतराव माझ्या खांद्यावरून बघत होते. बाहेरच्या खोलीतून दत्तोबांनी विचारलं, “आली का?” आणि त्यांना कुणी उत्तर दिलं नाही, कारण आकडा अजून थांबायचा होता.

प्रमाण वजन पुन्हा ठेवून पाहिलं. २०.००. मग प्रेमलाबाईनं पुतळी स्वतःच्या हातानं पारड्यावर ठेवली, कुंकवासकट.

३.८९ ग्रॅम.